चिठ्ठ्यांची चवड आणि शेजाऱ्यावरचा आळ

श्रोतेहो, आजचा विषय संगणकाचा आहे हें ऐकून ज्यांचा हात रेडिओच्या कळीकडे वळला असेल त्यांनीं क्षणभर थांबावें. मी आरंभ स्वयंपाकघरापासून करणार आहें, आणि ज्या प्रसंगामुळें हें भाषण करावेंसें वाटलें तो तर एका निरपराध मुलीवर आलेल्या आळाचा आहे. आळ घालणारांत मीही होतों.

समजा, पाककृतींचें एक जाडें पुस्तक आपल्यापुढें उघडें आहे. पुरणपोळीच्या कृतींत सातव्या ओळीवर लिहिलें आहे, "आतां पान 42 वरील रीतीनें पुरण शिजवून घ्यावें." आपण पान 42 काढतों. पण परत कोठें यावयाचें तें विसरूं नये म्हणून एका चिठ्ठीवर "पुरणपोळी, आठवी ओळ" असें टिपून ती चिठ्ठी फळीवर ठेवतों. पुरणाच्या कृतींत मध्येंच "पान 90 पाहून वेलदोड्यांची पूड करावी" असें निघालें, कीं दुसरी चिठ्ठी लिहावयाची आणि ती पहिलीच्या वर ठेवावयाची. पूड झाली कीं वरची चिठ्ठी उचलून तिच्यावरच्या ओळीस परत जावयाचें. पुरण झालें कीं तिच्या खालची. ताटांच्या चवडींतलें शेवटीं ठेवलेलें ताट जसें प्रथम हातीं येतें, तशीच ही चिठ्ठ्यांची चवड होय.

संगणकाच्या पोटांत याहून निराळें कांहीं चालत नाहीं. प्रोग्राम म्हणजे अशा शेंकडों कृतींचा संग्रह. त्यांतील प्रत्येक कृतीस फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्यास हांक मारतें, आणि परत येण्याची जागा स्मृतीच्या एका राखीव भागांत टिपून ठेवतें. ह्या भागास स्टॅक, म्हणजे चवडच, असें नांव आहे. चिठ्ठीबरोबर त्या त्या फंक्शनचें कच्चें टिपणही तेथेंच राहतें. आपण नाहीं का वाट्यांचा हिशेब कागदाच्या कोपऱ्यांत करून ठेवीत! चिठ्ठी आणि तिचें टिपण मिळून जो एक थर होतो ती फ्रेम.

ही युक्ति आज इतकी साधी वाटते कीं ती कोणास तरी सुचावी लागली असेल हें ध्यानांत येत नाहीं. केंब्रिज येथील एड्सॅक हें यंत्र 6 मे 1949 रोजीं प्रथम चाललें, तेव्हां त्यांत चवड नव्हती. डेव्हिड व्हीलर यांच्या पद्धतींत परत जाण्याची जागा, जिला हांक मारली त्या कृतीच्याच शेवटच्या ओळींत लिहून ठेवीत. काम भागे; परंतु एखाद्या कृतीनें स्वतःलाच पुन्हां हांक मारली तर पहिली नोंद पुसून जाई. अॅलन ट्यूरिंग यांनीं 1945 सालच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या अहवालांत मात्र परतीच्या जागा एकीवर एक "पुरून" ठेवाव्यात व मागाहून "उकरून" काढाव्यात, अशी कल्पना मांडली होती. पुरणाच्या दृष्टांतास पुरण्याचा हा आधार अचानक मिळाला, त्याचें श्रेय माझें नाहीं.

एड्सॅक बांधणारे मॉरिस विल्क्स यांनीं आपल्या आठवणींत एक गोष्ट नमूद केली आहे. त्या उन्हाळ्यांत, जिना चढत असतां, त्यांच्या मनांत एकदम स्वच्छ उजाडलें कीं आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रामांतील चुका शोधण्यांत जाणार आहे. पुढें 1951 मध्यें त्यांचे सहकारी स्टॅन्ले गिल यांनीं चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. अशा निदानाचें जें साधन, त्यास आज डीबगर म्हणतात. त्यांतील एक प्रसिद्ध डीबगर, जीडीबी नांवाचा, रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1986 मध्यें लिहिला, आणि तो आजही रोजच्या वापरांत आहे.

डीबगरचें काम असें. स्वयंपाक करणारी व्यक्ति मध्येंच घेरी येऊन पडली आहे. तिला विचारून उपयोग नाहीं. आपण फळीवरच्या चिठ्ठ्या वरून खालीं वाचावयाच्या आणि ठरवावयाचें कीं ती काय करीत होती, कशासाठीं करीत होती, व त्याच्या मुळाशीं कोणता पदार्थ होता. ह्या वाचनास आपण माग म्हणूं.

आतां यंत्राच्या चिठ्ठीवर "पुरणपोळी" असें नांव नसतें. यंत्रास नांवें ठाऊक नाहींत. त्याच्या स्मृतींत बाइट नांवाचीं लहान लहान घरें ओळीनें मांडलेलीं असतात व प्रत्येक घरास क्रमांक असतो. तो क्रमांक, म्हणजे पत्ता, तेवढाच चिठ्ठीवर लिहिलेला. अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंत कोणाचा वाडा, हें सांगणारी यादी कंपायलर तयार करतो. माणसानें लिहिलेल्या ओळींचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. यादींतील नांवांस सिंबल म्हणतात. यादी लिहिण्याच्या एका रूढ पद्धतीचें नांव ड्वार्फ, म्हणजे बुटका, असें आहे. प्रोग्राम साठविण्याच्या पद्धतीस एल्फ म्हणजे परीकथेंतला यक्ष म्हणत, त्याला जोडीदार म्हणून हा बुटका आला. हा बुटका वामनाच्या जातीचा दिसतो, कारण ही यादी कित्येकदां मूळ प्रोग्रामाच्या कांहीं पट मोठी भरते.

यादी खरी पाहिजे, आणि त्याच आवृत्तीची पाहिजे. पुस्तकांत एक ओळ वाढविली तरी पुढचीं सर्व पानें सरकतात. मग जुन्या अनुक्रमणिकेनें नवें पुस्तक वाचणारास पान 42 वर पुरणाऐवजीं लोणचें सांपडावयाचें. ह्यावर उपाय झाला आहे. प्रोग्राम आणि त्याची यादी ह्या दोहोंवर एकच लांब क्रमांक, बहुधा 160 बिटांचा, ठोकून ठेवतात. शिक्के जुळले नाहींत तर शहाणा डीबगर ती यादी वापरीत नाहीं. नांवें न मिळालीं तरी चालतील. खोटीं नांवें मिळतां कामा नयेत.

दुसरी अडचण चिठ्ठ्या सांपडण्याची. चवडींत चिठ्ठ्यांबरोबर टिपणें असतात हें मघाशीं सांगितलेंच; कोणाचें टिपण चार घरांचें, तर कोणाचें चार हजार घरांचें. तेव्हां खालची चिठ्ठी किती अंतरावर आहे तें नुसत्या नजरेनें कळत नाहीं. जुनी सोय अशी होती कीं प्रत्येक चिठ्ठीच्या शेजारीं तिच्या खालच्या थराची जागा लिहून ठेवावयाची, आणि सर्वांत वरच्या थराची जागा यंत्राच्या एका हाताजवळच्या कप्प्यांत, म्हणजे रजिस्टरांत, ठेवावयाची. ह्या कप्प्यास फ्रेम पॉइंटर म्हणतात. मणी दोऱ्यांत ओंवल्याप्रमाणें चिठ्ठ्या एकामागून एक हातीं येत. परंतु इंटेलच्या जुन्या 32 बिटांच्या यंत्रांत असे सर्वसाधारण कप्पे अवघे आठ होते, आणि त्यांपैकीं एक ह्या दोऱ्यापायीं अडकून पडे. काटकसरीच्या बुद्धीनें कंपायलर दोरा काढून टाकूं लागले. पुढें 64 बिटांच्या यंत्रांत कप्पे सोळा झाले तरी काटकसर चालूच राहिली.

दोऱ्याऐवजीं एक कोष्टक आलें: अमुक पत्त्यावर असतांना खालची चिठ्ठी इतक्या घरांपलीकडे. कोष्टक बरोबर असेल तर तें उत्तम चालतें. पण ज्या कृति कोणी यंत्रभाषेंत हातानें लिहिल्या असतील त्यांचें कोष्टकही हातानेंच लिहावें लागतें, आणि तेथें चुका होतात. मग डीबगर भलत्याच घराला चिठ्ठी समजतो, तेथील एखादी ठेवीची रक्कम पत्ता म्हणून वाचतो, आणि माग रानांत शिरतो. जीडीबीची येथें एक सवय मला आवडते. खालचा थर वरच्यासारखाच हुबेहूब निघाला, किंवा चवड उलट्या दिशेनें चालली आहे असें दिसलें, कीं तो "माग येथें थांबला, चवड बिघडली असावी काय?" अशा अर्थाचें वाक्य छापून गप्प बसतो.

हा दोरा परत आणावा कीं नाहीं ह्यावर लिनक्सच्या जगांत मोठा वाद झाला. फेडोरा ह्या संचाच्या एप्रिल 2023 मधील 38 व्या आवृत्तींत आणि उबुंटूच्या एप्रिल 2024 मधील आवृत्तींत तो परत आला. त्याचा खर्च बहुतेक कामांत वेळाच्या शेंकडा एकदोन इतका येतो. कांहीं कामांत अधिक. माझें मत विचाराल तर घरांत दिवा ठेवण्यास तेल लागतें म्हणून कोणी अंधारांत राहत नाहीं. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं रोज जळणाऱ्या तेलाचा हिशेब सर्वांनीं द्यावयाचा, आणि दिव्याची गरज मात्र थोड्यांसच. तेंही अगदींच खोटें नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या कचेरींत काम करीत होतों तेथें लोकांच्या ठेवींचे हिशेब करणारा एक प्रोग्राम होता. रात्रीं तो चाले व सकाळीं आंकडे तयार असत. जमा आणि नांवें यांचा मेळ बसला नाहीं, तर खोटे आंकडे देण्यापेक्षां त्यानें तेथेंच काम बंद करावें आणि आपल्या चवडीची प्रत मागें ठेवावी, अशी त्यांत योजना होती. ती प्रत वाचून माग छापणारा लहानसा डीबगर आम्हींच घरच्याघरीं लिहिला होता, आणि त्याचा आम्हांस अभिमान होता.

एका महिन्याच्या 12 तारखेस प्रोग्राम बंद पडला. अहवालांत स्वच्छ छापलें होतें कीं "काम बंद करा" ही हांक व्याज आकारणाऱ्या फंक्शनांतून आली. तें फंक्शन आमच्याकडे नुकतीच रुजू झालेल्या एका मुलीनें लिहिलेलें. "यंत्र कशाला खोटें सांगेल?" हें वाक्य त्या आठवड्यांत आमच्या कचेरींत पुष्कळदां उच्चारलें गेलें, मीं स्वतः तें निदान दोनदां उच्चारलें. तिच्याकडचें नवें काम काढून दुसऱ्यास दिलें. ती बिचारी दिवसचे दिवस आपली दोनशें ओळींची कृति ओळीनें वाचीत बसे.

आठव्या दिवशीं ती एक कागद घेऊन माझ्या टेबलाशीं आली.

"सर, माझें फंक्शन महिनाअखेरीस चालतें. त्या दिवशीं बारा तारीख होती."

"चुकून चाललें असेल," मी म्हणालों.

"असेलही. पण हा चिठ्ठीवरचा पत्ता पाहा. 1120. हें माझ्या फंक्शनचें पहिलेंच घर आहे. ही चिठ्ठी माझी म्हणावी, तर एकही आज्ञा पाळण्यापूर्वींच मीं कोणाला तरी हांक मारली असें होतें. तें कसें शक्य आहे?"

मला उत्तर सुचलें नाहीं. मूळचे आंकडे लांबलचक होते, ते मीं श्रोत्यांच्या सोयीसाठीं लहान केले आहेत. पण तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला आहे.

आतां पुरणपोळीची चिठ्ठी आठवावी. पुरणाचा उल्लेख सातव्या ओळीवर होता, आणि चिठ्ठीवर आपण "आठवी ओळ" असें लिहिलें होतें. चिठ्ठी आपण कोठून निघालों तें सांगत नाहीं. परत आल्यावर कोठून पुढें जावयाचें तें सांगते. स्वयंपाकास तेंच हवें असतें. पण माग काढणारास हवी असते ती निघण्याची जागा. बहुतेक वेळां दोन्हीं एकाच पानावर असतात, म्हणून फरक जाणवत नाहीं. परंतु पाठविणारी ओळ पानावरची अगदीं शेवटची असेल तर? मग चिठ्ठीवर पुढच्या पानाची पहिली ओळ येते, आणि पुढच्या पानावर असते अळूवड्यांची कृति. फळीवरची चिठ्ठी वाचणारा गृहस्थ शपथेवर सांगेल कीं बाई अळूवड्या करीत होत्या.

आमच्या प्रोग्रामांत हुबेहूब हेंच झालें होतें. त्या मुलीच्या फंक्शनच्या अगदीं लगत आधीं, 1040 पासून 1119 पर्यंत, जमा आणि नांवें ताडून पाहणारें जुनें फंक्शन होतें. त्याची शेवटची आज्ञा म्हणजे "काम बंद करा" ह्या फंक्शनला हांक. अशी हांक इंटेलच्या यंत्रांत सामान्यतः पांच घरें व्यापते. येथें 1115 ते 1119. तिच्या पुढचें घर 1120, आणि तेंच चिठ्ठीवर टिपलें गेलें. एरवीं हांकेनंतर निदान परतण्याची तरी एखादी आज्ञा असते. परंतु काम बंद करावयास गेलेला परत येत नाहीं हें कंपायलरला ठाऊक असल्यामुळें त्यानें पुढें कांहींच लिहिलें नव्हतें. वाडा जेथें संपला तेथेंच शेजाऱ्याची भिंत सुरू झाली. दोन फंक्शनांमध्यें पुष्कळदां थोडी मोकळी जागा सुटते, म्हणून ही चूक रोज होत नाहीं. आणि रोज न होणारी चूक वर्षानुवर्षें जगते.

उपाय लहान मुलास सांगतां येईल असा आहे. चिठ्ठीवरच्या पत्त्यांतून एक वजा करावा आणि मग यादींत नांव शोधावें. 1119 हें घर हांकेच्या आज्ञेच्या पोटांतच येतें. नांव बरोबर निघतें, आणि ओळीचा क्रमांकही पुढचा न येतां खरा येतो. अनुभवी लोकांनीं लिहिलेले डीबगर हें पूर्वींपासून करीत आले आहेत. आम्हीं आमचा लिहितांना त्यांची पोथी वाचली नव्हती.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण उत्साहाच्या भरांत आम्हीं सरसकट सर्वत्र एक वजा केला, आणि दोन महिन्यांनीं उलटी चूक पुढें आली: आतां आळ पुढच्या शेजाऱ्याऐवजीं मागच्या शेजाऱ्यावर जाऊं लागला. सांगतों कां तें. स्वयंपाक चालू असतां दाराची घंटा वाजली, तर आपण हातांतली ओळ तशीच सोडून उठतों, आणि चिठ्ठीवर तीच ओळ लिहितों, पुढची नव्हे. संगणकांतही बाहेरून आलेल्या घंटेस सिग्नल म्हणतात. तो एखादें फंक्शन नुकतें सुरू होत असतां आला, तर टिपलेला पत्ता पहिल्या घराचा, आणि खरोखरच त्या फंक्शनचा असतो. त्यांतून एक वजा केला कीं आपण मागच्या वाड्यांत. सर्वांत वरच्या थराचेंही तसेंच: जेथें प्रोग्राम प्रत्यक्ष कोसळला तो पत्ता खरा, त्यास हात लावावयाचा नाहीं.

म्हणून चिठ्ठी कोणत्या जातीची हें आधीं ओळखावें लागतें. मघाशीं ज्या कोष्टकाचा उल्लेख केला त्यांत घंटेच्या थरांवर "एस" ह्या अक्षराची खूण करण्याची सोय आहे. ती दिसली कीं त्या घंटेनें थांबविलेल्या फंक्शनच्या पत्त्यांतून वजाबाकी करावयाची नाहीं. ह्या बाबतींतली एक गंमत सांगण्याजोगी आहे. घंटेचें काम आटोपल्यावर मूळ जागीं परत नेणारी एक चिमुकली कृति लिनक्सवरील सी भाषेच्या मूळ संग्रहांत आहे. तिला कोणी रीतसर हांक मारीत नाहीं, तरी तिचा पत्ता चिठ्ठीवर येतो, आणि तोही पहिल्या घराचा. एक वजा करणारे डीबगर तेथें फसावयाचे. तेव्हां त्या संग्रहाच्या कर्त्यांनीं तिच्या आधीं "कांहीं करूं नको" एवढाच अर्थ असलेली एक रिकामी आज्ञा घालून ठेवली, म्हणजे वजाबाकी करणाराचा पाय त्या मोकळ्या ओट्यावर पडावा, शेजाऱ्याच्या घरांत पडूं नये.

आमच्या डीबगरमध्यें ही दुसरी सुधारणा त्या मुलीनेंच केली. खऱ्या चुकीचाही पत्ता लागला: जमा-नांवें ताडणारें तें जुनें फंक्शन एका विशिष्ट प्रकारच्या रद्द झालेल्या नोंदी दोनदां मोजीत असे, आणि तें कोणी लिहिलें होतें हें श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल. तें मीं लिहिलें होतें.

जुन्या अहवालांतील पत्ते आम्हीं जपून ठेवले होते. ती मला म्हणाली, "सर, तेही पुन्हां वाचून पाहूं या." तीन वर्षांचे अहवाल नव्या रीतीनें वाचले, तेव्हां आणखी चार ठिकाणीं नांव बदललें. त्या चौघांपैकीं तिघे अद्याप कचेरींत होते. त्यांना मीं त्यांच्या टेबलाशीं जाऊन सांगितलें. चौथे गृहस्थ नोकरी सोडून परगांवीं गेले होते. त्यांचा पत्ता मिळवावयास पंधरा दिवस लागले, आणि पत्र लिहावयास मला त्याहून एक दिवस अधिक लागला.